अकरा दहाचं लॉगिन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी सहा महिने शिकाऊ म्हणून काम केलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तसं करावं लागतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अशा ठिकाणी कसं वागायचं, किती विचारायचं, कुठं गप्प बसायचं, हे घरी विचारण्यासारखं कोणी नव्हतं. मुरगूडला वडिलांची पिठाची गिरणी आहे. मी निघताना ते एवढंच म्हणाले, "मशीन बिघडलं तर लगेच हात घालू नको. आधी उभं राहून ऐक."

माझं मशीन कसलाच आवाज करत नव्हतं. ते एक सॉफ्टवेअर होतं, पुण्याच्या कंपनीकडून घेतलेलं. अख्खा कारखाना त्यावर चालायचा. भट्टीत लोखंड वितळलं की त्याचा एक नमुना लॅबमध्ये जायचा. लॅबमधल्या ताई तो तपासून आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या, ते जुळले की भट्टीजवळच्या स्क्रीनवर हिरवी खूण यायची आणि मगच धातू ओतायचा. अशा एका वेळच्या वितळीला तिथं हीट म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो.

रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं थांबायचं. स्टोअर, लॅब, भट्टी, सगळीकडच्या स्क्रीनवर ते छोटं चाक फिरत राहायचं. दहा-बारा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. तोवर भट्टीत तयार झालेला धातू तसाच उकळत राही आणि बिघडे. त्या हीटचे कास्टिंग, म्हणजे ओतून केलेले भाग, कडक निघायचे, गिऱ्हाइकाकडून परत यायचे. दोष यायचा भट्टीवरच्या मामांवर. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. तिथली भट्टी उभी राहिली तेव्हापासून ते तिच्यावर होते. मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर सोमवारपासून मामा फेटलिंगला. फेटलिंग म्हणजे कास्टिंगच्या कडा घासायची शेड. भट्टीवरच्या माणसाला तिथं पाठवणं म्हणजे काय, ते मला मामांचा चेहरा बघून कळलं.

"पोरी, तुझं मशीन थांबतंय आन् शिव्या मला," ते एकदा कँटीनच्या रांगेत म्हणाले. "माझी भट्टी कवाच थांबली न्हाय. लिहून घे की तेवढं तुझ्या वहीत."

मी खरंच लिहून घेतलं.

कॉम्प्युटर विभागात एकच सर होते आणि आता मी. सरांनी पुण्याला फोन लावला की तिकडचा माणूस दर वेळी तेच म्हणायचा, "तुमचं नेटवर्क बघा, आमच्याकडं सगळं ओके आहे." सर फोन ठेवून मला म्हणायचे, "याला एकदा भट्टीपुढं उभं करायला पाहिजे. मग बघू काय ओके आहे ते."

सोमवारपासून मी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. किती वाजता थांबलं, कुठली स्क्रीन, आधी कुणाची. काही सापडेल असं मला वाटत नव्हतं, पण दुसरं काय करायचं हेही सुचत नव्हतं. मंगळवारी अकराला मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले. ती खोली छोटी आणि गार आहे, बाहेरचा ठोकण्याचा आवाज तिथं पाण्याखालून आल्यासारखा येतो. अकरा दहा झाले. फोन वाजायला लागले. आणि मी सर्व्हरवरचं काम बघितलं तर तो रिकामा होता. त्याला काहीच ओझं नव्हतं. अख्खा कारखाना खोळंबला होता आणि मधोमध ते यंत्र शांत बसून होतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

मी खुर्ची थोडी मागं घेतली.

वडिलांचं आठवलं. गिरणीत आवाज बदलला की ते आधी पट्टा कुठं अडकलाय ते बघतात, दगडाकडं नंतर. मी कोण कुणासाठी थांबलंय ती यादी उघडली. स्टोअर लॅबसाठी थांबलं होतं, लॅब भट्टीसाठी, आणि सगळ्यात वर एकच नाव होतं, ज्याच्यासाठी बाकीचे सगळे थांबले होते. त्याला कुणासाठीच थांबायचं नव्हतं. लॅब-०१.

मी सरांना बोलावलं. त्यांनी वाकून ते नाव दोनदा वाचलं.

"हे लॅबच्या मोठ्या सरांचं लॉगिन आहे," ते म्हणाले. "ते वारले की गं. गेल्या वर्षी."

"मग हे कोण?"

"मला काय माहीत."

लॉगिन बंद का केलं नव्हतं ते नंतर कळलं. माणूस गेल्यावर सरांनी ते बंद करायला घेतलं, तेव्हा मामा आणि लॅबमधली माणसं येऊन म्हणाली होती, वर्षश्राद्ध होईतोवर नाव राहू दे, इतक्यात पुसू नका. सरांनाही हात लावावासा वाटला नव्हता. वर्षश्राद्धाला आता तीन आठवडे राहिले होते.

बुधवारी मी लॅबमध्ये गेले. मोठ्या सरांचं टेबल तसंच होतं. त्यांच्या खुर्चीत ताई बसत नसत, शेजारी स्टूल घेऊन काम करायच्या. मी कारण विचारलं तर हसून म्हणाल्या, "अकरा वाजून गेले की सर येतात ना. उगीच त्यांना उभं कशाला ठेवायचं?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चेष्टा करते गं." पण स्टूल त्यांनी हलवलं नाही.

मी त्या टेबलासमोर बसले, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मोठ्या सरांचा कॉम्प्युटर बंद होता. वायर काढून गुंडाळून ठेवली होती, स्क्रीनवर धूळ होती. घड्याळ बघत राहिले. अकरा नऊ. अकरा दहा. माझ्या लॅपटॉपवरच्या यादीत एक ओळ वाढली. लॅब-०१, आत आले.

समोरची खुर्ची रिकामी होती. पंख्यानं टेबलावरचा एक जुना कागद हलत होता. मागं ताईंची बोटं कीबोर्डवर थांबली. "आलं का परत चाक?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. आमच्यापैकी कुणीच त्या खुर्चीकडं बघितलं नाही.

त्या दुपारी राजारामपुरीतल्या खोलीवर परत जाताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की मी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी आहे. प्रत्येक लॉगिन कुठल्या तरी यंत्रावरून होतं. तेवढंच धरून ठेवलं.

आणि गुरुवारी, सांगायला लाज वाटते, मला कळलं की ती यादी उजवीकडं सरकते. माझ्या लॅपटॉपचा पडदा लहान, म्हणून शेवटचा रकाना मला दिसतच नव्हता. त्यात यंत्राचं नाव असतं. सरकवलं. तिथं लिहिलं होतं, पॅनेल रूम.

पॅनेल रूम म्हणजे भट्टीशेजारची काचेची खोली. भट्टीचे स्विच तिथं असतात आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर.

शुक्रवारी अकरा वाजून आठ मिनिटांनी मी तिथं गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत मामा होते, एकटे. कॉम्प्युटरच्या कडेला खंडेनवमीला लावलेलं हळदीकुंकू अजून होतं, काळपट झालेलं. त्याच्या शेजारी चहाचे दोन ग्लास होते. एक मामांच्या हातात, दुसरा कीबोर्डजवळ, भरलेला, वाफ येत असलेला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले. मामांनी एक बटण दाबलं. लॉगिन आधीपासून जपून ठेवलेलं होतं, काही टाइप करावं लागत नव्हतं. स्क्रीनवर एक यादी यायला लागली. चाक फिरायला लागलं.

"मामा," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. "ये की आत. उभी का?"

"हे काय बघता?"

"सरांचं हाय. ते रोज या टायमाला चहाला हितं यायचे. सगळ्या हीटची यादी लावायची, पहिल्यापासून. मग मला इचारायचे, सांग, अमक्या नंबरला काय झालतं? मी सांगायचो. त्या दिवशी पाऊस होता, त्या दिवशी लाईट गेलती, त्या दिवशी सरांची लेक दहावी पास झालती. एक नंबर चुकलो न्हाय." ते थोडं हसले. "आता इचारायला कोण न्हाय, तर मीच बघतो आन् मीच सांगतो."

"कुणाला सांगता?"

त्यांनी दुसऱ्या ग्लासाकडं बघितलं.

काचेपलीकडं भट्टीचं तोंड लाल झालं होतं. माणसं हातावर हात ठेवून उभी होती. तिथल्या स्क्रीनवर चाक फिरत होतं आणि इथल्या स्क्रीनवरही. मामा दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होते.

"हितं बी थांबतंय, तितं बी," ते म्हणाले. "पयलं असं न्हवतं. पटकन यायचं."

मला सांगावंच लागणार होतं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. मी एवढं म्हणाले की मोठ्या सरांना आकडे दुरुस्त करायचा अधिकार होता, म्हणून त्यांच्या लॉगिनवरून यादी उघडली की सॉफ्टवेअर पहिल्यापासूनच्या सगळ्या हीट एकदम हातात धरून ठेवतं. आधी हीट थोड्या होत्या, कुणाला कळत नव्हतं. आता हजारो झाल्या. ती यादी पूर्ण येईपर्यंत दुसऱ्या कुणाला नवी हीट भरता येत नाही. तुमच्या भट्टीलाही नाही.

मामांनी ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे मीच," ते म्हणाले.

"तुम्ही नाही. सॉफ्टवेअर चुकीचं बनवलंय. तारखेची मर्यादाच नाही त्यात. पुण्याच्या लोकांनी घालायला पाहिजे होती."

"पर बटण मी दाबतोय न्हवं."

मला खोटं बोलता आलं नाही. "व्हय," मी म्हटलं. खूप दिवसांनी घरच्यासारखं बोलले.

यादी आली. मामांनी मला ती वर सरकवायला सांगितली, अगदी पहिल्या ओळीपर्यंत. पहिली हीट. मंजूर करणारे, लॅब-०१. "भट्टी पेटंना त्या दिवशी," मामा म्हणाले. "सर म्हणले, थांब, तिला सवय हू दे." मग स्क्रीनकडं बोट करून मला म्हणाले, "बंद करून टाक. वर्षश्राद्धाची वाट नको बघू. सर असते तर त्यांनीच सांगितलं असतं."

शनिवारी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मी एक पान वाचून दाखवलं. कारण, जागा, वेळ, उपाय. कोण उघडत होतं ते मी लिहिलं नव्हतं. लिहावं की नाही हे मला रात्रभर ठरवता आलं नव्हतं आणि न लिहिणं बरोबर होतं का, हे आजही सांगता येत नाही. साहेबांनी पान उलटं करून मागं बघितलं, जणू नाव तिथं असेल.

"पण मेलेल्या माणसाच्या नावानं उघडत कोण होतं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. दाराशी मामा उभे होते, टोपी हातात घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं.

"मी, साहेब."

साहेबांनी पान टेबलावर ठेवलं. खिडकीतून भट्टीचा गुरगुराट येत होता. मोठे सर त्यांच्याही बरोबरीचे होते, नंतर मला कळलं. शेवटी साहेब म्हणाले, "सोमवारपासून नको," आणि क्षणभर आम्हाला कळलंच नाही की नको म्हणजे यादी उघडणं की फेटलिंग. मग म्हणाले, "भट्टीवरच राहा. चहा प्यायचा तर माझ्याकडं येत जा."

लॉगिन मी बंद केलं. सर बाजूला उभे राहिले, म्हणाले तूच कर. 'खात्री आहे का' असं सॉफ्टवेअर विचारतं. मी हो म्हटलं.

सोमवारी अकरा दहाला काहीच थांबलं नाही. ताईंनी मला फोन करून विचारलं, "चाक आलं नाही ना?" त्यांचा आवाज मला आनंदाचा वाटला नाही. महिनाभरात कडक कास्टिंग परत येणं थांबलं. मामा भट्टीवर होते.

पण रोज सकाळी सर्व्हरच्या नोंदी बघायची मला सवय लागली होती. तिथं रोज एक ओळ येत होती. अकरा दहा. लॅब-०१. प्रवेश नाकारला. एकदाच, मग काही नाही. मला वाटलं, मामांचा हात अजून त्या बटणाकडं जातो. मी विचारलं नाही. त्यानं काही थांबत नव्हतं, मग का विचारायचं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात मामा दोन दिवस रजेवर होते, पुतणीच्या लग्नाला. बुंदीचा पुडा आणीन म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर सवयीनं मी नोंदी उघडल्या.

ओळ होती. अकरा दहा. लॅब-०१. प्रवेश नाकारला.

पॅनेल रूममध्ये दुसरीही माणसं असतात. कुणी सहज बटण दाबलं असेल. कॉम्प्युटर आपोआप प्रयत्न करत असेल, तसंही होतं. शेवटचा रकाना बघितला असता तर कळलं असतं कुठल्या यंत्रावरून आलं ते. उजवीकडं सरकवायला एक बोट पुरतं, आणि ते मला याच कारखान्यानं शिकवलं होतं.

मी सरकवलं नाही. लॅपटॉप मिटला आणि चहाला गेले. लॅबवरून जाताना दार उघडं होतं. ताई स्टुलावर बसून आकडे भरत होत्या, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून.