दत्ता ऑपरेटरचं घरचं थेटर

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात, तुम्हाला माहीत आहे. कुणी आणल्या ते आठवत नाही, टाकवत नाहीत, आणि एक ओढायला गेलं की तिच्या पोटातून आणखी चार बाहेर पडतात. आमच्या टोळक्याचे किस्से तसेच. परवा इस्माईलने एक ओढला आणि हे बाकीचे बाहेर पडले.

टोळकं म्हणजे आम्ही तिघं. रत्नागिरीत एकाच टॉकीजमध्ये जन्म काढलेले. इस्माईल बुकिंगच्या खिडकीत, दत्ता वर केबिनमध्ये मशीनवर, आणि मी दारात, हातात बॅटरी. माझं शिक्षण विचारू नका. सातवीच्या परीक्षेच्या दिवशी मी आंब्याच्या झाडावर होतो, आणि झाड हेडमास्तरांचं होतं!

टॉकीज बंद पडली. आता तिथे एक मांडववाला त्याच्या खुर्च्या ठेवतो. खुर्च्या अजून पडद्याकडे तोंड करून रचलेल्या असतात. पडदा नाही.

एक दिवस दत्ता पालीहून एसटीने आला नि म्हणाला, "घरी थेटर करायचंय. टीव्हीला कॉम्प्युटर जोडून. एकेक पार्ट मी निवडणार."

"हे काय नवीन खूळ?" मी विचारलं.

तर म्हणाला, "बाळ्या, मी एकही पिक्चर खुर्चीत बसून बघितलेला नाय."

खरं होतं ते. ऑपरेटर कसला पिक्चर बघतोय! भिंतीच्या भोकातून एक डोळा पडद्यावर, दुसरा रिळावर. रीळ संपायच्या आत दुसरं मशीन चालू करायचं, नाहीतर खालून शिव्या. सुमतीवहिनी, म्हणजे दत्ताची बायको, दर रविवारी पासावर बाल्कनीत येऊन बसायची. शेजारची खुर्ची नवऱ्याची म्हणून पर्स ठेवून अडवायची. पिक्चर सुटेपर्यंत त्या खुर्चीत पर्सच बसलेली असायची!

"एक पिक्चर," दत्ता म्हणाला, "पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिच्या शेजारी बसून. डोळे हायत तोवर."

कोल्हापूरच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते सांभाळा म्हणाला. वहिनीला फक्त डोळ्यांत थेंब घालायचे एवढं माहीत. बाकीचं आम्हा दोघांना.

*

मारुती मंदिरच्या बाजूला प्रशांतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पोरगा सरळ. पोरगा म्हणजे, त्याला दोन पोरं आहेत. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला.

"काका, यूज काय आहे? गेमिंग, एडिटिंग, ऑफिस?"

"एक पिक्चर बघायचाय."

"एक म्हणजे? रोज एक?"

"एकच."

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. माझी ख्याती त्याच्यापर्यंत पोचलेली, त्याला वाटलं हा माझाच डाव. "काका, एका पिक्चरला मोबाईल पुरतो हो!"

इस्माईल म्हणाला, "मोबाईलवर दोघांनी बघायचा म्हणजे डोकी आपटतात. या वयात फुटतात!"

"नाहीतर टीव्हीला एक डबी लावून देतो," प्रशांत म्हणाला. "बटण दाबलं की पिक्चर."

दत्ताचं तोंड उतरलं. "मग त्यात ऑपरेटरने काय करायचं?"

त्यानंतर प्रशांतने डबीचं नाव काढलं नाही.

*

पहिला पार्ट, पंखा. आतल्या प्रोसेसरला थंड ठेवायला बारका पंखा लागतो, तो दत्ताला मुका पाहिजे. "जन्मभर मशीनच्या घरघरीतून डायलॉग ऐकले. हिरो मेला की नाय, ते पण पब्लिकच्या रडण्यावरून कळायचं."

प्रशांत एकेक पंखा जोडून दाखवू लागला. दत्ता डोळे मिटून कान लावायचा. मी मागे उभा. पंखा सुरू झाला की मी तोंड मिटून घशातून हळूच "घुर्रर्र" करायचो.

"हा आवाज करतोय," दत्ता म्हणायचा. दुसरा आणा. घुर्रर्र. तिसरा आणा. घुर्रर्र! प्रशांत रडकुंडीला आला. "काका, हा तर सगळ्यात महागातला, याचा आवाज कंपनीलाच ऐकू येत नाही!"

दत्ता शांतपणे म्हणाला, "पंखा चांगला हाय. तो दे. आणि या बाळ्याचं कनेक्शन काढ."

*

मग डबा. म्हणजे कॅबिनेट. प्रशांतने काचेचं काढलं, आत लाल, निळे, जांभळे दिवे पळतायत. शिमग्याच्या जत्रेतला पाळणाच जसा.

"थेटरात उजेड एकच," दत्ता म्हणाला, "पडद्याचा. बाकीचे बंद कर."

"आणि या बाळ्याच्या बॅटरीचा," इस्माईलने लावून दिलं. "मागच्या रांगेतली किती लग्नं याने मोडली असतील!"

"मोडली नाय, जमवली! घाबरून एकमेकांना धरायची ती."

शेवटी आडवं, काळं, चपटं कॅबिनेट निघालं. टीव्हीखाली गपचूप बसेल असं. दत्ता खूश झाला, दोन्ही हात पुढे करून घ्यायला गेला आणि डाव्या बाजूचा चहाचा ग्लास काउंटरभर. कीबोर्ड भिजला, प्रशांतची बिलं भिजली.

ग्लास चांगला वीतभर अंतरावर होता. त्याला दिसलाच नव्हता. दत्ता तसाच हात पुढे करून उभा.

मी मोठ्याने हसलो. "फसला! फसला! मी सरकवला होता!"

प्रशांतने मला झाडून काढलं. "वयाला शोभतं का हे?" आणि काय काय. इस्माईल फडक्याने पुसत राहिला, मान खाली घालून.

आयुष्यभर कमावलेल्या बदनामीचा असा कधीतरी उपयोग होतो.

*

ग्राफिक्स कार्डाच्या वेळी मात्र झाकता आलं नाही. प्रशांत म्हणाला, "काका, सध्या वेगळं कार्ड नको. प्रोसेसरमध्ये आहे तेवढं पिक्चरला पुरतं. पण माझं ऐकाल तर दिवाळीपर्यंत थांबा, नवीन मॉडेल येतंय. पिक्चर काय दिसेल तुम्हाला!"

"नवीन डोळे पण येतायत काय रे त्याच्याबरोबर?"

प्रशांत हसला. आम्ही कुणी हसलो नाही. मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या त्या काउंटरवर चहा कुणी ठेवत नाही. गिऱ्हाईक मोठं असलं तरी चहा बाहेर.

*

मेमरीचा किस्सा इस्माईल सांगतो तेव्हा आवाज बारीक करतो. प्रशांत समजावत होता, "हार्ड डिस्क जुनी पद्धत. आत चकती फिरते. ही नवी एसएसडी, हिच्यात फिरणारं काही नाही, अजिबात आवाज नाही."

"बिघडते कशी?" दत्ताने विचारलं. ऑपरेटरची जात, आधी बिघाड विचारणार.

"हार्ड डिस्क बहुतेक आधी कुरकुरते, खडखडते, सांगून जाते. एसएसडी सहसा सांगत नाही. आज चालू, उद्या गेली."

दत्ता दोन हातांत दोन्ही डिस्क धरून बसला. "न सांगता जाणारं एक हाय माझ्याकडे. मला सांगून जाणारी दे."

"पण काका, ती आवाज करते! तुम्हाला मशीन मुकं पाहिजे ना?"

शेवटी प्रशांतनेच तोड काढली. सुरू व्हायला एसएसडी, पिक्चर ठेवायला हार्ड डिस्क. "पिक्चर सांगून जाईल काका. नक्की."

*

टीव्ही घ्यायला आम्ही तिघं गेलो. शोरूममधला सेल्समन टाय लावलेला, घामाने चिंब. त्याने आम्हाला भिंतीएवढ्या टीव्हीसमोर उभं केलं. "बाबा, हा घ्या. घरात अख्खं थेटर!"

मला वाटलं, दत्ता हाच उचलणार. आम्ही सत्तरीचे सगळे मोठंच बघतो, मोठे आकडे, मोठी अक्षरं. दत्ता मागे सरकत गेला. सरकत सरकत पार फ्रिजच्या रांगेला टेकला. मग म्हणाला, "तो कोपऱ्यातला बारका दाखवा."

"बाबा, तो किचनमध्ये लावतात!"

"तोच."

मला राग आला. "मेल्या, एवढी खटपट केलीस ती किचनच्या टीव्हीसाठी? कंजूष!"

दत्ता म्हणाला, "मोठा मावत नाय रे, बाळ्या." त्याने मूठ केली, मधे बारीक भोक ठेवलं आणि डोळ्याला लावली. "बाजूचं सगळं गेलं. आता एवढंच हाय, मधलं. केबिनच्या भोकातून बघायचो ना, तसं. पडदा भोकात मावला पाहिजे."

सेल्समन टाय सैल करत उभा राहिला.

इस्माईलने नाक ओढलं नि दत्ताच्या पाठीत धपाटा घातला. "रिटायर झालास तरी भोक सोडत नाहीस, मेल्या!"

तिघंही हसलो. फ्रिजला टेकून हसलो. बारका टीव्ही घेतला.

*

टीव्ही पालीला नेताना टेम्पो हातखंब्याला बंद पडला. हायवेच्या कडेला दत्ता खोक्याला मिठी मारून बसला, मी आणि इस्माईल वडे खात. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, ठेवा ना खाली, कोण नेतोय?"

मी म्हटलं, "राहू दे. त्याची बायको आहे त्यात."

दत्ताने मला लाथ मारली. नेम चुकला, ड्रायव्हरला बसली!

*

आता जो किस्सा इस्माईलने परवा काढला, तो.

रविवारी पहिला शो. प्रशांत स्वतः येऊन सगळं जोडून गेला. पंखा मुका, डबा काळा, दिवा एकही नाही. पडवीतल्या खिडक्यांना चादरी बांधल्या. इस्माईलने खिडकीत बसून तिकिटं फाडून दिली, मी दारात बॅटरी घेऊन उभा. वहिनी पदराला हात पुसत आली. मी अडवली.

"तिकीट?"

"बाळा भावजी, माझ्या घरात मला तिकीट?"

"पास असला तर दाखवा, नाहीतर बाहेर!"

"पास तिकडे बसलाय," ती म्हणाली, "डोळ्यांत थेंब घालून घेतलेत की नाही विचारा आधी त्याला."

दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. टीव्हीपासून बरोबर ते अंतर मोजून. शेजारची खुर्ची त्याने हात ठेवून अडवली होती. वहिनी बसली. दत्ताने रिमोट दाबला. जुना, रडवणारा पिक्चर, वहिनीच्या आवडीचा. नावं सुरू झाली तशी ती पुढे सरकली, तोंडावर पदर, आणि पहिल्याच गाण्याला डोळे पुसायला लागली. पाच मिनिटांत ती आमच्यात नव्हतीच.

मी सवयीने बॅटरी फिरवली, प्रेक्षक जागेवर आहेत का बघायला. इस्माईल जागेवर. वहिनी जागेवर. आणि दत्ता खुर्चीत पूर्ण वळून बसलेला. टीव्हीकडे खांदा.

"ए ऑपरेटर!" मी ओरडलो. "पडदा इकडे हाय!"

"बॅटरी बंद कर."

"अरे, पण पिक्चर..."

"पिक्चर मी बघितलाय."

मी बॅटरी बंद केली. टीव्हीचा उजेड वहिनीच्या तोंडावर लहानमोठा होत होता. तिथे हिरॉईन रडली की इथे वहिनी रडायची, तिथे कुणी पडला की इथे हसायची. दत्ता हलत नव्हता. हात गुडघ्यावर, मान जरा पुढे.

इंटरव्हलच्या आसपास वहिनीला जाणवलं. तिने मान वळवली. "अहो, काय बघताय?"

"समोर बघ गो," दत्ता म्हणाला. "हललीस की फोकस जातो."