पसरलेला पदर

इंझोरीच्या थांब्यावर आम्ही बसची वाट पाहत होतो. वर एक छोटं खासगी विमान घिरट्या घालत होतं; त्याची चाकं बाहेर येत नव्हती. सगळ्यांनी मोबाइल वर धरले. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं मात्र डोळे मिटून आभाळाकडे पदर पसरला.

"मावशी, इमान झेलता काय?" कुणीतरी हसलं.

"इमान नाई रे, त्यातलं लेकरू."

विमान समोरच्या सोंगून मोकळ्या झालेल्या सोयाबीनच्या शेतात पोटावर घसरत गेलं आणि थांबलं. तिचे हात तसेच होते.

"उतरलं का वं लेकरू?" तिनं डोळे न उघडताच मला विचारलं.

धुरळ्यातून पांढऱ्या केसांचा वैमानिक चालत येत होता. अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही.

"हो मावशी," मी म्हणाले, "चालून राह्यलं."