तीन फेटे आणि पहिलं पान

आमच्या सरांचा मोकळ्या जागेवर फार जीव होता. पानावर चार ओळी आणि बाकी सगळं पांढरं, असं काही जमलं की ते खुर्चीत मागे रेलून समाधानाने चहा मागवत. मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात काही वर्षं काढून ते नाशकात परतले होते आणि कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत त्यांनी डिझाइन स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, सर आणि मी. आमच्या गिऱ्हाइकांना मात्र मोकळी जागा दिसली की वाटायचं, काम अर्धवट राहिलंय. "इथं काहीतरी टाका ना," असं बोट ठेवून सांगायचे. काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा द्राक्षांचा घड. दवाखाना असो, शिकवणी असो, ट्रॅव्हल्सचा धंदा असो, लोगोत घड हवाच. एका दातांच्या डॉक्टरांनाही तो हवा होता. सरांनी त्यांना खूप समजावलं आणि शेवटी लहानसा घड काढून दिला.

वेबसाइटचं खूळ आमच्याकडे नुकतंच पोचलं होतं, दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. कळवणकडचे तीन भाऊ एका जीपमधून आले. घरची डाळिंबाची शेती, माल आखाती देशात जायला लागलेला, आणि तिकडच्या कुणा व्यापाऱ्याने विचारलं होतं, तुमची वेबसाइट कुठाय? नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून आले. थोरल्यांना सगळे दादा म्हणत आणि बोलत होते ते एकटेच. मधले भाऊ खिडकीबाहेर बघत होते, धाकटे मोबाइलमध्ये. दादांची अट एकच होती. पहिल्याच पानावर तिघांचे फोटो, एका ओळीत, तिघांना सारखे फेटे.

सरांचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पानावर एकच लालभडक डाळिंब होतं. त्यांनी ते हवेत बोटाने काढूनही दाखवलं.

"साहेब, डाळिंब सगळ्यांचंच लाल असतं," दादा म्हणाले.

दोघे धाकटे पान खायला खाली उतरले तेव्हा दादांनी खुर्ची पुढे ओढली. "खरं सांगू का? घरात वाटणी निघाली हाय. जमीन वाटली जाईल, त्याला माझी ना नाय. पोरं मोठी झाली, चालायचंच. पण धाकटा म्हणतो, मालाला बी मी वेगळं नाव लावणार. वडलांनी लावलेलं नाव हाय हो ते. तिघं एका जागी दिसलो तर नाव तरी एक राहील, असं मला वाटतं."

फोटोंनी घर एक राहतं असं मानणारा हा माणूस मला भाबडा वाटला, आणि तेवढ्यासाठीच तो मला आवडूनही गेला. सरांनी डाळिंबाचा विषय पुन्हा काढला नाही.

फोटो काढले, फेटे झकास बांधले होते. मग फोन सुरू झाले. आधी दादांचा. "ताई, वाचायला सुरुवात डावीकडूनच करत्यात ना? मग थोरला डावीकडं. पहिला मान मोठ्याचा." मधल्यांनी थोड्या वेळाने फोन करून आठवण करून दिली की कुठल्याही फलकावर मुख्य माणूस मधोमध असतो, आणि ते तर जन्मानेच मधले आहेत. धाकट्यांचं म्हणणं वेगळं. व्यापाऱ्याशी बोलणारे ते, तेव्हा त्यांचा फोटो थोडा मोठा असावा. "लय नको ताई. व्यापाऱ्याला दिसंल, पण घरात दिसणार नाय, एवढाच."

एवढाच म्हणजे केवढा, हे काढण्यात माझी एक सकाळ गेली.

सरांनी मात्र तोडगा काढला. तिन्ही फोटो सारखेच मोठे ठेवायचे आणि पान उघडेल त्या प्रत्येक वेळी त्यांच्या जागा आपोआप बदलायच्या. कधी दादा पहिले, कधी मधले, कधी धाकटे. ही युक्ती सरांना इतकी आवडली की त्यांनी ती मला फळ्यावर बाण काढून समजावली, मग खाली झेरॉक्सवाल्यालाही समजावली. ज्यांना समजावायची त्यांना मात्र फोनवर एवढंच सांगितलं, "सगळ्यांना सारखा मान मिळेल." कसा, हे विचारायचं दादांना सुचलं नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर साइट सुरू झाली. मॉनिटरला कुंकू लागलं, हार पडला. नारळ मात्र सरांनी हट्टाने बाहेर जिन्यात फोडायला लावला, कारण त्यांना कीबोर्डची काळजी. नशिबाने पहिल्या फटक्याला दादाच डावीकडे आले. पेढे वाटले गेले आणि सरांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

त्या काळी आमच्याकडे वेबसाइट बघून भागत नसे, ती छापून आणावी लागे. सायबर कॅफेवाला पान छापून द्यायचा, ते घडी करून खिशात जायचं आणि घरी ओसरीवर सगळ्यांना दाखवलं जायचं. छापलेल्या पानावरचे फोटो काही जागा बदलत नाहीत. मधल्यांनी छापून आणलं त्यात ते स्वतः शेवटी. धाकट्यांनी आणलं त्यात धाकटे मधोमध आणि दादा शेवटी. दादांच्या मुलाने आणलं त्यात मधले पहिले. तीन कागद ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले गेले आणि प्रत्येकाची खात्री पटली, की इतरांनी गुपचूप स्टुडिओत फोन करून जागा बदलून घेतल्या.

या वेळी तिघे तीन गाड्यांतून आले.

"ताई, फोन कुणी केला तेवढं सांगा," दादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, बसलेला होता. "मग मी काय ते समजून घेतो."

"मी नाय केला," धाकटे म्हणाले. "आणि मी वेगळं नाव का लावणार म्हणतो, ते हे असलं बघूनच."

सरांनी युक्ती समजावायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत इंग्रजीत शिरले. तिघेही माझ्याकडे बघायला लागले. माझा सरांवरचा राग तेव्हा अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तो गिळून मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला, दादांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "हे बटण दाबा. पान नव्याने उघडेल. कुणीही फोन केलेला नाही, ते तुम्हीच बघा."

दादांनी बटण दाबलं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, त्यामुळे फोटो वरून खाली सावकाश उतरायचे. आधी तीन फेट्यांचे तुरे आले. मग फेटे. मग बराच वेळ काहीच नाही.

"डावीकडं दादा," मधले नकळत म्हणाले.

"नाय, तो मी," धाकटे पुढे वाकले. "माझा फेटा असाच बसतो."

तीन कपाळं आली, तिन्ही रुंद. मग भुवया आल्या, तिन्ही मधे जवळजवळ जुळलेल्या. कुणालाच ओळखता येईना, त्यांना स्वतःलाही. डोळे उतरले तेव्हा डावीकडे मधले निघाले आणि धाकट्यांना हसू फुटलं. "भाऊ, तुम्ही तर अगदी दादाच दिसताय!"

"सगळे आईवर गेलोय," मधले म्हणाले.

पुन्हा दाबलं. पुन्हा तुरे, फेटे, कपाळं. आता दोघे धाकटे पैजा मारत होते आणि दोघेही हरत होते. सरही कोपऱ्यातून मान उंचावून बघत होते. मी उगाचच खिडकीतून खाली चहावाल्याला हाक मारली.

तेवढ्यात धाकट्यांचं हसू थांबलं. ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "दादा, जमीन वाटून घेऊ. नाव राहू द्या एकच."

दादांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला आणि पुन्हा बटण दाबलं. फेटे हळूहळू खाली उतरायला लागले. या खेपेला डावीकडे कोण याचा अंदाज मी सांगणार होते, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कुणाचं बी येऊ द्या आधी," ते म्हणाले. "घरचंच हाय."