जानेवारीतली तिकिटं

अबुधाबीतल्या मराठी घरांत संक्रांतीचे तिळगूळ वळायच्या आधी जुलैची तिकिटं निघतात. तेव्हा ती स्वस्त असतात, आणि स्वस्तात न काढणाऱ्याला इथे कुणी शहाणं म्हणत नाही. अरुणनेही काढली. स्वतःचं, बायको उर्मिलाचं आणि मुलगी मिहिकाचं, अशी तीन तिकिटं, रिफंड न मिळणारी. बायकोला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दर उन्हाळ्यात सांगलीला जायचंच असतं, आणि यंदा तर त्याच्या आईचं, सत्यभामाबाईंचं, सहस्रचंद्रदर्शन होतं.

उर्मिलाने त्याला सांगितलंच नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. डिसेंबरातच सांगितलं होतं. ती प्राणिशास्त्राची पदवीधर. एका भारतीय शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्यांतले बेडूक सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. शाळेतल्या नौशीनकडून तिला कळलं, की इथल्या एका विद्यापीठात दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांनाही वर्षभरात अर्थशास्त्रात एम.ए. करता येतं. अट एकच. आधी जुलै-ऑगस्टचा ब्रिज कोर्स करायचा, गणित आणि अर्थशास्त्राचा पाया पक्का करायचा. त्याची हजेरी चुकली की सीट गेली. बाईला त्या दिवसापासून वेडच लागलं. घरभाडं का चढतं, कांदा का महागतो, हे जन्मभर नुसतं सोसलेलं कुणी आकृती काढून समजावतंय म्हटल्यावर ती पुस्तकं आणून स्वयंपाकघरात वाचायला लागली. शिवाय वेळ हीच होती. मुसफ्फाच्या वर्कशॉपमधला अरुणचा करार पुढच्या वर्षी संपणार. मग व्हिसा कॅन्सल आणि कायमचं सांगली. तिच्या हातात हा एकच उन्हाळा होता.

"इन्शाल्ला, बघू," अरुण तेव्हा म्हणाला होता. इतकी वर्षं या देशात काढून त्या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असाच असतो, हे तिला कळायला हवं होतं. तिथेच ती फसली.

एप्रिलमध्ये ॲडमिशन मिळाली. उर्मिला म्हणाली, "तू आणि मिहिका जा. मी कार्यक्रमाला शनिवार-रविवार येऊन जाते."

"आणि काढलेलं तिकीट? पाण्यात घालू?"

"अरे, पहिल्याच धड्यात आहे. गेलेला पैसा गेला. तो धरून पुढचं ठरवायचं नसतं."

"धडा लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा मुसफ्फात ओव्हरटाइम कर," अरुण हसला. "आणि आईच्या कार्यक्रमाला सून पाहुण्यासारखी येणार? खलास, विषय संपला."

विषय संपला म्हणे. तिचा काय संपला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग मे महिन्यात मिहिकाने बॉम्ब टाकला. ही इथेच वाढलेली, कॉम्प्युटर इंजिनिअर, पहिल्याच नोकरीला विटलेली. आईची पुस्तकं चाळता चाळता तिने सहज अर्ज केला होता. "मम्मा, आय गॉट इन! सेम कोर्स!"

उर्मिलाने तिला मिठी मारली. खरंच आनंद झाला तिला, आणि वर एक वेडी आशाही वाटली. आता दोघींचा प्रश्न आहे, आता तरी अरुण ऐकेल.

अरुणने पोळीचा घास संपवला. "यल्ला, चला, मिहिकाचं तिकीट सोडून देऊ."

"आणि पैसे?"

"गेलेला पैसा गेला. तूच म्हणालीस ना? पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे."

"मग मीही राहते की."

"तू?" त्याने आश्चर्याने पाहिलं. "या वयात तू काय करणार ते शिकून?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला भांडता तरी आलं असतं. मिहिका फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, यू कॅन डू इट लेटर, ना? अँड प्लीज, युअर नोट्स ठेवून जा." उर्मिलाने नोट्स ठेवल्या आणि आठवडाभराची भाजी करून फ्रीजरमध्येही भरली.

सांगलीत कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. कुणीतरी नातीची चौकशी केली. खुर्चीत बसलेल्या सत्यभामाबाई ताठ आवाजात म्हणाल्या, "शिकतेय ती. मीच फोनवर सांगितलं, माझ्यापायी शिक्षण बुडवू नकोस."

"उर्मिलालाही मिळाली होती बरं का ॲडमिशन," अरुण कौतुकाने सगळ्यांना सांगत होता. "पण म्हणाली, आईंपेक्षा मोठं काय आहे?"

असं ती कधीच म्हणाली नव्हती. बायकांनी तिच्याकडे केवढ्या मायेने पाहिलं, आणि तिला ते पाहणं नको झालं. ती तबकातली निरांजनं पेटवायला लागली.

ओवाळायला ती वाकली तेव्हा सत्यभामाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तुलाही मिळाली होती? मग कशाला आलीस गं? तिला सांगितलं तसं तुलाही सांगितलं असतं मी. मला कुणी विचारलं का?"

उर्मिलाने अरुणकडे पाहिलं. तो केटररशी जिलबीबद्दल बोलत होता.

"मलाही नाही विचारलं, आई," ती म्हणाली, आणि तिने ओवाळायला सुरुवात केली.