तळ्यातल्या वाटेसाठी जाड पत्रा

दुष्काळात तळं आटलं आणि दूध सोसायटीच्या पिकअपला तळ्याच्या पोटातून जवळची वाट झाली. गाडी मी चालवायचो, शेजारी वडील बसायचे. वाटेत जागोजागी दगड. एखादा इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला लागला की संपलं! गाडी भर उन्हात बंद पडणार, दूध नासणार आणि हाकेला माणूस नाही. त्यात वडील डॅशबोर्डाला धरून सारखे, "हळू घे, हळू घे." वैताग यायचा, पण त्यांची भीती मलाही लागली.

तेलगावात वेल्डरनं चेंबरखाली लावायला दोन पत्रे दाखवले. पातळ पत्रा दगडानं वाकून चेंबरलाच टेकला असता. जाड पत्र्यानं गाडी जड होणार होती. तरी मी जाडच बसवला.

"आता भ्यायचं काम न्हाई," म्हणत दुसऱ्या दिवशी मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. तळ्याच्या मधोमध खालून जोराचा दणका बसला. वडील ओरडले. मी ब्रेक मारला, उतरून गाडीखाली शिरलो. पत्र्यावर नुसता ओरखडा होता.

"काय बी झालं न्हाई!"

वडील चप्पल काढून, वाकून गाडीखालच्या दगडाकडं बघत होते. आमचं जुनं गाव ह्याच तळ्यात गेलेलं, हे मला ठाऊक होतं. घर कुठं होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आपला उंबरा हाय ह्यो," ते म्हणाले. "उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो रे."

गाडी त्याच्यावरच उभी होती. पुढं घ्यावी की मागं, मला कळेना.