लाटणं थांबायचं तेव्हा

आमच्या शेजारच्या काकांइतका मन लावून नापास झालेला कथालेखक अख्ख्या बडोद्यात दुसरा सापडणार नाही. मांजलपूरच्या सोसायटीत त्यांची आणि आमची भिंत एक होती. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचे वारे वाहू लागले तेव्हा बाकीच्यांची तोंडं उतरली. काका मात्र पेढे घेऊन आले. "सुटलो! आता फक्त कथा," म्हणाले. दिवाळी अंकासाठी ते चैत्रातच कथा पाठवत आणि ती परत आली की संपादकांची चिठ्ठी मला कौतुकानं दाखवत. "या वेळी 'साभार परत'खाली स्वतः सही केलीय. जवळ आलोय बघ!" संवाद खरे वाटले पाहिजेत म्हणून वही घेऊन बसस्टॉपवर उभे राहत. एकदा तिथं एक जोडपं कडकडून भांडत होतं. ऐन रंगात काकांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. नवं टोक काढून ते त्या बाईंना अदबीनं म्हणाले, "बेन, छेल्लुं वाक्य फरी बोलजो ने!" म्हणजे, शेवटचं वाक्य परत एकदा बोला ना! नवरा-बायको आपलं भांडण विसरून दोघं मिळून काकांच्या अंगावर धावून आले.

पण त्यांची खरी शाळा काकूंच्या ओट्यापाशी भरायची. काकू पोळ्या लाटायच्या आणि काका स्टुलावर बसून कथा वाचायचे. काकूंना मत विचारण्यात अर्थ नव्हता. भेंडी असो, जावई असो, कथा असो, त्या बडोदेकरी थाटात "सारुं आहे", म्हणजे चांगलं आहे, एवढंच म्हणत. म्हणून काकांनी लाटण्याकडे कान लावला. ऐकता ऐकता लाटणं थांबलं, की त्या ओळीशी तांबडी खूण. चालत राहिलं, की ती ओळ बाद. चाळीस पानांची कथा अशी अकरा पानांवर आली. मी पोट धरून हसायचो. पण खरं सांगतो, कथा सुधारत होती.

शेवटच्या वर्षी तर लाटणं सारखंच थांबू लागलं. काका हरखून गेले. मला ओढत नेऊन सेवउसळ खाऊ घातली. "अरे, आज नऊ वेळा! हात बसला माझा!" ती कथा स्वीकारल्याचं पत्रही आलं. छापलेला अंक मात्र काकूंना पाहायला मिळाला नाही. नवरात्रात ओट्यापाशीच त्या कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, छातीतलं दुखणं वर्षभर तरी अंगावर काढलं असणार.

अंक आला तेव्हा मी काकांकडे गेलो. त्यांनी तो उघडलाही नव्हता. माझ्यापुढे हस्तलिखित ठेवलं. पानभर तांबड्या खुणा होत्या.

"बघ, ती इथं थांबली. इथं थांबली. मला वाटलं, कथा रंगलीय. तिला कळ येत होती रे. आणि मी आपला पुढचं वाक्य वाचत होतो."



त्यानंतर संपादकांनी आपणहून मागूनही काकांनी कुठं कथा पाठवली नाही. वेड्यावाकड्या पोळ्या लाटत, एकटेच जेवत. एका सकाळी मला हाक मारून म्हणाले, "आज तू वाच. मी लाटतो." मी स्टुलावर बसून तीच कथा वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर पहिली तांबडी खूण आली आणि लाटणं थांबलं. मी मान वर केली नाही. काका हळूच म्हणाले, "सारुं आहे. वाच पुढे."

पुढचं वाक्य मला वाचवेना.