पहिल्या वर्षाचा फराळ

आमच्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत येणाऱ्या दिवाळीत त्या घरी तळण होत नाही. कढई चढवायची नाही, चकलीचा सोऱ्या माळ्यावरून काढायचा नाही, दारात रांगोळी नाही, कंदील नाही. इथपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण या रितीचा दुसरा भाग असा, की त्या घरचा फराळ मग बाकीच्यांनी करायचा. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आपल्या कढईतलं थोडं काढून त्या घरी न्यायचं, घटकाभर बसायचं आणि यायचं. घरची कढई बंद ठेवायची ती बाहेरून कुणीतरी यावं म्हणून. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीने यातला पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला आणि दुसरा ती सोयीस्करपणे विसरली. त्याचा मला अजून राग आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माझे वडील श्रावणात गेले. तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करून त्यांनी जन्म काढला, निवृत्त झाले, आणि जिन्यात कुणाचा बल्ब गेला, कुणाची टाकी वाहतेय, असल्या कामांत इमारतभर फिरत राहिले. ते गेले त्या दिवशी सगळी इमारत खाली उतरली होती, हे मी नाकारत नाही. दहा-बारा दिवस घरात बाहेरूनच पिठलं-भात येत होता. मग दिवस झाले आणि लोक आपापल्या कामाला लागले, तेही रास्तच.

घरात उरलो आम्ही दोघी, आई आणि मी. मी लग्न केलं नाही, इथल्याच एका शाळेत शिकवते. आता मी त्याच घरातली, त्यामुळे माझ्या हातचा फराळ आईला चालणार नव्हता. तो दुसऱ्याच्या घरून यायला हवा होता. माझा भाऊ ठाण्याला वेगळा राहतो, म्हणजे त्याच्याकडून येऊ शकला असता. त्याच्याकडे मी वळणारच आहे.

पण आधी डब्यांचं सांगते. हे घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आईने स्टीलचे उभे डबे घेतले होते. दुकानात बसून प्रत्येकावर वडिलांचं नाव घालून आणलं, ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. इमारतीत कुणाकडे माणूस गेलं, की त्या दिवाळीत आईचं पहिलं तळण त्या घरासाठी निघायचं. डबा भरायचा, वडिलांना शर्ट बदलायला लावायचं आणि दोघांनी जायचं. तिचे नियम ठरलेले होते. शुभ दीपावली म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाचा विषय टाळायचा नाही, उलट आपणच काढायचा, त्यांची एखादी गोष्ट सांगायची. आणि डबा परत मागायचा नाही. आला तर आला, नाही तर राहू दे. वडील तिला चिडवायचे, "असंच चाललं तर माझं नाव सेक्टरभर वाटून होईल आणि घरात एक डबा उरायचा नाही." खरंच फार उरले नव्हते.

समोरच्या दारातल्या बाईंच्या सासूबाई गेल्या, त्या वर्षीही हे दोघं गेले होते. म्हातारीला करंज्या आवडायच्या म्हणून आईने नुसत्या करंज्यांनीच डबा भरला. समोरची तेव्हा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. मी दारातच उभी होते, म्हणून सांगते.

तर यंदा. वसुबारसेला सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, की आमच्या कुटुंबाच्या दुःखाचा मान राखून यंदा आमच्या दारासमोर कंदील लावण्यात येणार नाही. त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच लागली. संध्याकाळी प्रत्येक दारावर कंदील पेटला आणि आमच्या दाराशी अंधार राहिला. आई म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." मग तिने बाहेरच्या खोलीतला पसारा आवरला, ताटात पेले उपडे घालून ठेवले, धुवट साडी नेसली आणि लाकडी दार सताड उघडं टाकलं. जाळीच्या दाराला तेवढी कडी. आपली खुर्ची तिने अशी सरकवली की जिना दिसावा.

"कुणी आलं तर बेल वाजवायला लागू नये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भाजणीचा वास कोंडला होता. समोरून शंकरपाळ्यांचा वास आला तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली, "वेलची जास्त पडलीय." पावलं वर यायची, आमच्या मजल्यावर थांबायची, आईची पाठ ताठ व्हायची, आणि ताट समोरच्या दारात जायचं. आत हसणं, "घ्या हो, घरचं आहे." परत निघताना कुणाची नजर जाळीतून आईवर पडली की आवाज एकदम खाली यायचा आणि सपाता भराभरा जिना उतरायच्या. कोपऱ्यात केर पडलेला दिसावा आणि आपला नाही म्हणून पुढे जावं, तसं चाललं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. आई मात्र प्रत्येक वेळी म्हणायची, "गडबडीत असतील. येतील."

आता भाऊ. त्याचा आठवडाभर आधीच फोन आला होता. "यंदा आपल्याकडे सण नाहीच आहे ना, मग आम्ही गोव्याला जाऊन येतो." बाप गेला आणि याला सुट्टी मिळाली! धनत्रयोदशीला दुपारी त्याचा फोटो आला. गाडीच्या काचेतून काढलेला कर्नाळ्याचा सुळका, आणि खाली लिहिलेलं, काय ट्रॅफिक आहे! म्हणजे महाशय पनवेल ओलांडून पुढे गेले होते. मी फोन लावला. म्हणाला, "अगं थांबणारच होतो, पण उशीर झाला होता, आणि आईला उगाच आमचा त्रास." वहिनीने मागून पुस्ती जोडली, "आणि फराळ तर आम्हीही नाही केला ना, आमच्याकडेही सुतकच." सुतक! सुतकात गोव्याला जाऊन मासे खाल्लेले चालतात, ठाण्याच्या दुकानातून पावशेर चिवडा आणलेला चालत नाही. हे शास्त्र कुठल्या पंचांगात आहे ते मला कुणीतरी दाखवावं. आईने फोन मागून घेतला आणि त्याला एवढंच म्हणाली, "लांबचा पल्ला आहे, सावकाश जा."

नरकचतुर्दशीला दूध आणायला खाली उतरले, तर वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. नवी साडी, केसांत गजरा. चेहरा मात्र तेवढ्यापुरता पाडून म्हणाल्या, "काकू कशा आहेत गं? आम्ही मुद्दामच नाही आलो. तुमच्याकडे यंदा नाही ना."

"आई घरीच आहे," मी म्हटलं. "दार उघडंच असतं."

"हो हो, येऊ की," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली की."

उपकार केल्यासारखं म्हणाल्या. मुद्दामच. एकाही घरात वाईट हेतू नव्हता, हेच मला जास्त चीड आणतं. सगळ्यांनी मान राखला होता आणि आईने रोज धुवट साडी नेसून जिन्याकडे बघत बसायचं होतं.

कुणाला वाटेल, एवढं काय त्या फराळाचं? म्हातारीला खायची हौस असेल. आईला साखर आहे. ती वर्षानुवर्षं अर्धी चकली आणि चिमूटभर चिवडा यापलीकडे गेलेली नाही. तिला कुणीतरी येऊन समोर बसायला हवं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, की काका असते तर आतापर्यंत जिन्यातली माळ तीनदा दुरुस्त करून झाली असती. तिने इतक्या घरी जाऊन जे केलं, ते एका घराने तिच्यासाठी करायला हवं होतं. लक्ष्मीपूजनाला खाली फटाके वाजत होते, तेव्हा ती मला म्हणाली, "यांनी कुणाचं काही वाईट केलं होतं का गं?"

मी "नाही" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

मग पाडवा आला. नवऱ्याला ओवाळायचा दिवस. समोर सकाळपासून ओवाळणं चाललं होतं, मोबाइलवर फोटो निघत होते, "अहो, इकडे बघा ना." आई खुर्चीतच होती. दुपार झाली तशी माझी सहनशक्ती संपली. मी माळ्यावरून सोऱ्या काढला, जुन्या पनवेलच्या बाजारातून आणलेली तयार भाजणी भिजवली आणि कढई चढवली.

"नको," आई म्हणाली. "वर्ष झालं नाही."

"ज्यांनी करायचं त्यांनी केलं नाही, म्हणजे रीत त्यांनी मोडली. मी नाही."

"तुझं मी खाणार नाही."

"नको खाऊस. वास तरी येऊ दे या घराला."

चकल्या मला कधीच जमल्या नाहीत. तेलात सोडल्या की विरघळत होत्या, कढईत नुसता भुगा फिरत होता. आई जागेवरून न उठता म्हणाली, "मोहन जास्त झालंय." तेवढ्यात बेल वाजली. दार उघडं होतं, तरी बेल वाजली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या दारात माणसं उभी होती. समोरच्या आणि वरच्या. आईचा चेहरा एकदम उजळला. ती खुर्चीला धरून उठली, पदर सावरला, कडी काढली. दोघींचे हात रिकामे होते.

"तळणाचा वास आला म्हणून आलो," वरच्या म्हणाल्या. "काकू, वर्ष झालं नाही ना अजून? तळण करत नसतात हो."

समोरचीने मान डोलावली. "हो ना. काकांच्या आत्म्याला बरं नाही ते."

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. "म्हणजे रीत माहीत आहे तुम्हाला!" मी म्हटलं. "मला वाटलं विसरलात. तळू नये हे माहीत आहे आणि आणून द्यावं हे माहीत नाही? वास आमच्या दारातून तुमच्या घरी गेला तर लगेच धावत आलात. तुमचा वास चार दिवस आमच्या घरात येतोय, तेव्हा पाय मोडले होते? आत्म्याची काळजी आहे म्हणे! ते होते तेव्हा तुमच्या टाक्या दुरुस्त करत होते, त्यांचा आत्मा काय खातो ते तुम्ही मला शिकवू नका." आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. बोलल्याचा पश्चात्ताप नाही, फक्त आई मध्ये उभी होती.

"पुरे," आई म्हणाली.

दोघी निघून गेल्या. कढईतला भुगा करपला होता. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, तशी माझी गत. मी सगळं फेकून दिलं. आई पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.

दिवेलागणीला समोरची एकटी आली. हातात भरलेला डबा. "काकू, अहो गडबडीत राहूनच गेलं बघा," म्हणत तिने तो आईच्या हातात दिला. आईने तिला बसवलं, मी पाणी आणलं. डब्यात ऑफिसातून भेट आलेल्या खोक्यातली सोनपापडी, दुकानचा चिवडा आणि वर दोन शंकरपाळ्या, तेवढ्याच घरच्या. तरी आई प्रसन्न दिसत होती. डबा मांडीवर घेऊन ती वाट बघत होती. समोरची खुर्चीच्या कडेला टेकून पार्किंगबद्दल बोलली, इमारतीच्या रंगाबद्दल बोलली, मुलीच्या क्लासबद्दल बोलली. वडिलांचा शब्द निघाला नाही. मग मोबाइल वाजला, ती उठली आणि दाराशी वळून म्हणाली, "सावकाश द्या, पण डबा तेवढा परत द्या हं काकू. आमच्या सेटमधला आहे."

आईने डबा उचलून दिव्याखाली धरला. काठाखाली ठिपक्यांची अक्षरं होती, घासून घासून पुसट झालेली. तिने त्यांवरून अंगठा फिरवला. मग आत जाऊन डब्यातला सगळा फराळ पिशवीत ओतला, पिशवीला नीट गाठ मारली आणि समोरचीच्या हातात दिली.

"फराळ तुझा आहे, घेऊन जा," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "डबा देणार नाही. यांचं नाव आहे यावर. पाडव्याला घरी आलंय."

समोरचीने मान वाकवून नाव वाचलं आणि पिशवी काखोटीला मारली. तिची सपात पायात नीट जाईना.

आईने डबा घासला, पुसला आणि आपल्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला. खुर्ची तिने फिरवून घेतली, जिन्याकडे पाठ करून.

"दार लाव आता," ती मला म्हणाली.

मी लाकडी दार लावलं आणि आतून कडी घातली.